ओळ झेलायला कोण?

आमच्या गावातून ठाण्याला याआधी दोनच माणसं गेली होती. एक इलाजासाठी, एक कोर्टाच्या तारखेला. परत येऊन दोघांनीही ठाण्याबद्दल काही चांगलं सांगितलं नाही. गाण्यासाठी गेलेली मीच पहिली. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय पाहिलं, काय खाल्लं, हातपाय धड आहेत ना. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा लिहून काढावं म्हटलं. मी आठवीत शाळा सोडली, तेव्हा लिहिण्यात चुका निघतील, त्या सांभाळून घ्या. तिथल्या लोकांनी माझं फार केलं. त्यातलं काही सांगायचं राहून जाऊ नये, एवढीच धास्ती आहे.

आधी माझ्या गाण्याचं सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. आमच्या भंडाऱ्याकडे धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, लागला की बांधीत दहा-बारा बाया ओळीनं वाकून उभ्या राहतात. प्रत्येकीची आपली एक पात. एक बाई गाण्याची ओळ देते, बाकीच्या त्या ओळीचे शेवटचे शब्द परत करतात. त्याला आम्ही झेलणं म्हणतो. झेलणाऱ्या म्हणतात तेवढ्यात देणारी श्वास घेते, चार रोपं लावते, पुढची ओळ जुळवते. माझी आई पारबता, ती ओळ देणारी होती. मी आठवीत असताना ती गेली. त्या पावसाळ्यात तिची पात रिकामी होती, तिथे मी उभी राहिले, आणि शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन सासरी आले तर जाऊ मिळाली शांता. तिच्यासारखी झेलणारी आमच्या भागात नाही. जुनी गाणी पुरेनात, म्हणून मी नवीन जुळवू लागले. गॅसच्या टाकीवर, बचत गटावर, रानडुकरांवर. अंगणवाडीच्या मॅडमनी एक गाणं मोबाइलमध्ये घेतलं आणि ते कुठल्या कुठे गेलं. मग दिवाळीनंतरच्या मंडयांमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांमध्ये, स्टेजवर बोलावणी येऊ लागली. दोघी जायचो, मी द्यायची, शांतानं झेलायचं.

लोकांना सगळ्यात जास्त आवडतं ते बाराजणींचं गाणं. “पयल्या पातीत पारबता उभी,” असं मी म्हणते. शांता परत देते, “पारबता उभी.” मग दुसऱ्या पातीत गयाबाई, तिसऱ्या पातीत अंजनी. बारा पाती, बारा बाया, सगळ्या खऱ्या. त्यातल्या पाच आता नाहीत. गावात हे कुणाला सांगावं लागत नाही.

ते गाणं ऐकून डोंबिवलीहून संकेतचा फोन आला. हा तिशीतला गडी गाण्याचे कार्यक्रम भरवतो, घरीच एका खोलीत त्याचं रेकॉर्डिंगचं सामान आहे. दोन कार्यक्रम ठरले. शुक्रवारी ठाण्यात नौपाड्याला छोटा, रविवारी डोंबिवलीत मोठा. “रविवारचा चालला ना ताई, तर उन्हाळ्यात सहा गावं पक्की. नाही चालला तर मी पुढे शब्द टाकू शकत नाही, खोटं कशाला बोलू?” असं त्यानं आधीच सांगितलं होतं. मला ते बरं वाटलं. निघायच्या आदल्या दिवशी शांताची गाय व्यायला टेकली.

“तू जाय वो,” शांता म्हणाली. “हिले सोडून मी कशी येऊ? अन् तिथं का बाया नाहीत?”

गुरुवार: आधी कल्याण, मग ठाणे

ठाण्याच्या आधी कल्याण येतं. हे मला चार जणांनी सांगितलं होतं, कागदावरही लिहून दिलं होतं. तरी कल्याण आल्यावर डब्यातली निम्मी माणसं उभी राहिली आणि त्यांच्यामागे मीही उतरले. गाडी निघून गेल्यावर पाटी वाचली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पाच किलो चिन्नोर तांदूळ. फोन केला तर संकेत ठाण्याच्या फलाटावर उभा.

“हलू नका. पुलाखाली चहाची टपरी दिसते? तिथेच बसा. कुणी रिक्षात बस म्हटलं तरी बसू नका.”

तासाभरानं तो आला, कपाळावर आठी नाही. उलट म्हणाला, “माझी आत्या पण इथेच उतरली होती, डोंबिवलीची असून.” ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, माहीत नाही. ताण उतरला एवढं खरं.

माझी राहायची सोय नौपाड्यात सुलभाताईंकडे होती. सत्तरीच्या बाई, एकट्या राहतात. मुलींच्या शाळेत चाळीस वर्षं गाणं शिकवलं. संकेतही लहानपणी त्यांच्याकडे पेटी शिकायला जायचा, तो अजून त्यांना ‘बाई’ म्हणतो. दारातच त्यांनी माझ्या हातातले तांदूळ घेतले, मूठभर हुंगले आणि म्हणाल्या, “अगं, हा भात मी साध्या आमटीबरोबर वाया घालवणार नाही.” मग कसली आमटी केली ते कळलं नाही, पण तिच्यात गूळ होता. भाजीतही साखर. आमच्याकडे पाहुण्याच्या डोळ्यातून पाणी आलं नाही तर बाईला वाटतं स्वयंपाक फसला. इथे जेवून मला गोड खाऊन उठल्यासारखं वाटलं. तरी दोनदा भात घेतला, कारण त्या समोर बसून वाढत होत्या.

नौपाडा मला आवडला. लोक पायी चालतात. दुकानदार गिऱ्हाइकाच्या आजारपणाची चौकशी करतो. दवाखाने इतके, की आमच्या तालुक्याला वाटून दिले तरी उरतील. फक्त सुलभाताईंच्या दाराचं कुलूप मला उघडता येईना. दार आपोआप लागतं. संध्याकाळी कचरा ठेवायला बाहेर पाऊल टाकलं आणि ते लागलं. ताई देवळात गेलेल्या. त्या येईपर्यंत मी जिन्यात बसून होते. समोरच्या काकूंनी खुर्ची आणून दिली, वर लाडू दिला. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. त्यांना इथूनच नमस्कार.

शुक्रवार: नौपाड्यातला हॉल

शे-सव्वाशे माणसं असतील. स्वच्छ कपड्यांची, वेळेवर आलेली, फोन बंद करून बसलेली. असे शहाणे लोक मी कधी पाहिले नव्हते. तिथेच माझं चुकलं. आमच्याकडे स्टेजवरून ओळ दिली की शांता झेलते आणि तिच्यामागे समोरच्या बाया आपोआप झेलतात, कुणी सांगत नाही. मला वाटलं, शांता नाही तर नाही, समोरचे झेलतील.

“पयल्या पातीत पारबता उभी,” मी म्हटलं आणि थांबले.

शांतता. मग पहिल्या रांगेतल्या एका काकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यामागे सगळ्यांनी.

“दुसऱ्या पातीत गयाबाई उभी.”

टाळ्या.

सत्काराला नावं पुकारतात तसं झालं. जणू गयाबाई आता खुर्चीतून उठून नारळ घ्यायला येणार. सहाव्या नावापर्यंत टाळ्या विरळ झाल्या. दहाव्या नावाला एकटे काकाच वाजवत होते, बिचारे. मी मधला वेळ कमी करत गेले, त्यामुळे श्वास पुरेना. बारावी पात कशी संपवली ते माझं मला ठाऊक.

नंतर लोक येऊन फार चांगलं बोलले. एक बाई म्हणाल्या, “तुमच्या त्या मौनात फार अर्थ होता.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संकेत खोटं बोलत नाही. “ताई, उत्तर येत नाही ना, म्हणून गाणं बसतंय. रविवारी असं नाही चालणार. उद्या माझ्याकडे या, आपण ट्रॅक करू. उत्तरं तुमच्याच आवाजात घेऊन ठेवतो, चार वेळा, एकावर एक. बायांचा घोळका वाटेल.”

रात्री शांताला फोन केला. गाय व्याली होती, कालवड झाली होती. कार्यक्रम कसा झाला विचारल्यावर मी सांगितलं, लोकांनी लय टाळ्या वाजवल्या.

शनिवार: डोंबिवली आणि शीळफाट्याकडचं गाव

सकाळी खोपटच्या डेपोतून बसनं निघाले. सुलभाताई सोबत आल्या होत्या आणि कंडक्टरला तीन वेळा सांगून गेल्या की हिला डोंबिवलीला उतरवा. त्यानंही प्रत्येक थांब्याला “अजून नाही ताई” असं ओरडून सांगितलं. सगळी बस मला ओळखू लागली.

संकेतच्या खोलीत भिंतींना फोम लावलेला. कानाला यंत्र लावून मी म्हटलं, “पारबता उभी.” मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. त्यानं चारही एकत्र करून ऐकवले. आवाज साफ होता, चूक काढायला जागा नव्हती. पण हाक मीच मारतेय आणि ‘ओ’ही मीच देतेय, असं काहीतरी झालं. इतकं केलंय त्यानं माझ्यासाठी, आता नको कसं म्हणायचं? “छान आहे,” म्हटलं.

दुपारी तो म्हणाला, “चला, चुलतभावाची हळद आहे, गावी जेवूया.” संकेत आगरी आहे. त्याचं गाव शीळफाट्याकडे, चारी बाजूंनी वीस-वीस मजली इमारती आणि मध्ये कौलारू घरं, एक तळं, शिल्लक राहिलेली दोन भातखाचरं. फाट्यावर ट्रेलरच्या रांगेत पाऊण तास उभे होतो. तेवढ्यात मी त्याला विचारलं, तुमच्याकडे रोवणा कधी लागतो? “आम्ही आवणी बोलतो,” तो म्हणाला, “पण आता कोण करतो आवणी, जागाच गेली.”

मांडवात हळद वाटून तयार, नवरा पाटावर, दाराशी डीजेवाला पोरं घेऊन स्पीकर लावतोय. आणि सगळं अडलेलं. कारण धवलारीण गायला सुरुवात करत नव्हती. आगऱ्यांमध्ये लग्नाची गाणी म्हणणारी मानाची बाई असते, ती धवलारीण. तिनं धवले म्हणून देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलवायचं, मग हळद लागायची. इथली धवलारीण चांगुणाबाय, ऐंशीला टेकलेली, भिंतीला पाठ लावून बसलेली. तिच्याबरोबर गाणारी जोडीण तापानं दवाखान्यात होती.

“आजी, एकटीच बोल ना,” संकेतचा काका म्हणाला. “कोण ऐकतंय?”

“ज्यांना बोलवायचं ते आयकतान,” चांगुणाबाय म्हणाली. “जोडीन नाय त धवला नाय.”

“आज्जे, माझा पण टाइम चाललाय,” डीजेवाला दारातून.

“तुझा टाइम विजेवर चालतं. गप बस.”

तेवढ्यात संकेतनं माझ्याकडे बोट दाखवलं. ही गाते म्हणून. मी नको नको म्हणेपर्यंत बायांनी मला तिच्याशेजारी बसवलं.

“झेलता येतं का गो तुला?”

येतं, असं मी म्हटलं. खरं म्हणजे आयुष्यात कधी झेललं नव्हतं, ओळच देत आले. पण शांताला तर रोज ऐकत होते.

देवांची नावं नीट गेली. ती म्हणायची, मी शेवटचं परत द्यायची. मग घरातली गेलेली माणसं सुरू झाली. चाल एकच, शब्द तेच, फक्त नाव बदलतं. पाच-सहा नावांनंतर माझ्यातली गाणी जुळवणारी बाई जागी झाली. चांगुणाबायनं नवऱ्याच्या पणजोबाचं नाव घेतलं, “मांडवाला यावं हाशाबाबा.” मी सूर वर नेला आणि परत देताना आपलं जोडलं, “घोड्यावर बसून यावं हाशाबाबा.” बाया हसल्या. एक “वा गो!” म्हणाली. मला बरं वाटलं.

चांगुणाबाय थांबली. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“कोन आयला घोड्यावर?”

“कुणी नाही आजी, मी आपलं…”

“हाशा मिठागरावर चालत जायचा. घोड्यावर बसला नाय कवा. तू दुसऱ्याच कोनाला बोलावलंस, आता तो येऊन बसंल आनि हाशा र्‍हाईल बाहेर.”

सगळा मांडव हसला. ती हसली नाही. “दोन तोंडांतून एकच नाव जावं लागतं, तवा आवतन पोचतं. मी हाक मारली ती खरी, का नाय, ते तू सांगायचं. तू बनवू नको. घे, नि दे.”

आणि तिनं पहिल्या देवापासून परत सुरुवात केली. डीजेवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. या वेळी मी काही बनवलं नाही. घेतलं आणि दिलं. हाशाबाबा आले तेव्हा संकेतच्या काकानं, जो मघाशी कोण ऐकतंय म्हणाला होता, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मला तेव्हा कळलं की शांता इतकी वर्षं काय करत होती. मला वाटायचं ती मला दम घ्यायला वेळ देते.

जेवायला तांदळाची भाकर, वालाचं बिरडं, सुकट. तांदळाची अशी पांढरी, फुगलेली भाकर आम्ही करत नाही, आमच्याकडे तांदळाचे आयते, म्हणजे पातळ धिरडी, घालतात. मी चार खाल्ल्या. पाचवी एका बाईनं न विचारता पानात टाकली.

परतताना गाडीत मी संकेतला म्हटलं, ट्रॅक नको. “तुमची मेहनत वाया गेली, माफ करा. पण त्यात दुसरं तोंड नाही.”

तो म्हणाला, “उद्याच्या लग्नाला मी सकाळी तोंड दाखवून येईन, पण चांगुणाआजी तिथून हलणार नाही. आणि लग्न सोडून ती कुठे गातही नाही. आता एका रात्रीत मी माणूस कुठून आणू?”

रविवार: डोंबिवली

माणूस घरातच निघालं. सकाळी चहा घेताना सगळं सांगितलं तर सुलभाताई म्हणाल्या, “अगं, मी आहे ना! चाळीस वर्षं कोरस बसवलेत.” त्यांचा चेहरा इतका उजळला की मला रडू आलं.

दुपारभर बसलो. आवाज अजून पक्का, सुरांना धक्का नाही. फक्त एक. मी “पारबता उभी” दिलं की त्या परत देताना ‘पारबता’वर एक सुंदर मुरकी घ्यायच्या, ‘उभी’ला लांब ओढून हलवत खाली आणायच्या. दर वेळी नवीन. ऐकायला गोड, आणि नाव कुठे गेलं ते कळायचं नाही. सांगावं असं दहादा ओठावर आलं. पण मी आठवी सोडलेली, त्या गाण्याच्या मास्तरीण. त्यांचं अन्न खाल्लं, त्यांच्या गादीवर झोपले. “ताई, थोडं साधं…” एवढं एकदा म्हटलं. “साधंच आहे गं हे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या हिशेबानं असेलही.

संध्याकाळी हॉल भरलेला. सुलभाताई जांभळी साडी नेसून माझ्या शेजारी बसल्या. दोघींना एक-एक माइक. संकेत बाजूला आवाजाच्या मशीनपाशी उभा, नखं खात.

“पयल्या पातीत पारबता उभी.”

ताईंनी घेतलं. शेकड्यांनी माणसं समोर बघून त्यांना सुचलं असेल, मुरकीवर आणखी एक मुरकी घेतली. हॉलमधून “क्या बात है!” आलं. टाळ्या आल्या. आणि माझ्या डोळ्यांसमोर पहिली पात रिकामी.

दुसरी ओळ द्यायची वेळ झाली होती. मी दिली नाही. संकेत मशीन सोडून माझ्याकडे बघायला लागला. समोर लोक थांबलेले. मला वाटलं आता इथून थेट स्टेशनवर जावं. मी हात पुढे केला आणि सुलभाताईंच्या गुडघ्यावर ठेवला. त्यांनी चमकून पाहिलं. माइकपासून तोंड बाजूला घेऊन मी म्हटलं, “ताई, बनवू नका. घ्या आणि द्या.”

त्यांचा चेहरा उतरला. इतक्या लोकांसमोर.

मी पहिल्यापासून घेतलं. “पयल्या पातीत पारबता उभी.”

ताईंनी पदर सावरला, माइक जवळ ओढला. मग त्या म्हणाल्या, “पारबता उभी.” सरळ, कोरडं, वर्गात हजेरी घेताना म्हणतात तसं.

“दुसऱ्या पातीत गयाबाई उभी.”

“गयाबाई उभी.”

हॉलमधून कुणी झेललं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. मला श्वासाला वेळ मिळत होता. पाचव्या पातीला ताईंनी डोळे मिटले. आठव्या पातीला मी जरा घाईनं ओळ दिली, तर त्यांनी आपल्या वेळेनंच परत दिली, मला थांबावं लागलं. बारा झाल्या. मग टाळ्या वाजल्या, एकदाच, आणि बराच वेळ.

आत आल्यावर संकेत म्हणाला, “सहा गावं पक्की. पण आमच्या बाई पण लागतील.” मी म्हटलं, शांता येईल. तो म्हणाला, “दोघी आणा, मला काय.” सुलभाताई पाठ करून पाणी पीत होत्या. डोंबिवलीहून नौपाड्यापर्यंत गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते, एकही जुळेना.

सोमवार: नौपाडा

गाडी दुपारची होती. ताई सकाळपासून माझ्या डब्याच्या मागे. मी दारात पिशवी भरत बसले होते. आतून पोळ्या लाटताना त्यांचा आवाज येत होता, “पारबता उभी… गयाबाई उभी… अंजनी उभी…” न हलवता, न ओढता. मग लाटणं थांबलं.

“काल दुसऱ्या ओळीपासून का नाही घेतलंस गं? पहिलीपासून कशाला? लोक कंटाळले असते तर?”

“पहिली ओळ पोचली नव्हती, ताई.”

“ही पारबता कोण?”

“माझी आई. मी शाळेत असताना गेली.”

त्या पिठाचे हात तसेच घेऊन दाराशी आल्या. “अगं वेडे, हे मला काल दुपारी सांगायचं नाहीस का?”

“सांगितलं असतं,” मी म्हटलं, “तर तुम्ही आणखी सजवून गायलं असतं.”